पोर्तो रिकोची समकालीन कला

पोर्तो रिकोची समकालीन कला म्हणजे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या द्वीपप्रदेशात, तसेच तेथून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या समाजात साधारणतः १९९० नंतर निर्माण झालेली दृश्यकला होय. चित्र, छापचित्र, छायाचित्र, चित्रफीत, शिल्प, मांडणशिल्प आणि सादरीकरण अशा विविध माध्यमांतील या कलेत राष्ट्रीय अस्मिता आणि अमेरिकेवरील राजकीय व आर्थिक अवलंबित्व हे विषय सातत्याने आढळतात. पोर्तो रिकोला स्वतःची भाषापरंपरा, ध्वज, साहित्य आणि १९४८ पासून स्वतंत्र ऑलिंपिक संघ आहे. परंतु सार्वभौम राज्यसंस्था नाही. कायद्याच्या व अर्थशास्त्राच्या परिभाषेत सहज झाकून जाणारी ही विसंगती कलावंतांनी रोजच्या वापरातील वस्तूंमधून दृश्यमान केली. केळे, विजेचा खांब, ताडपत्री, शाळेची बस, पासपोर्ट आणि ध्वज या वस्तू त्यामुळे या कलेत वारंवार दिसतात.

पार्श्वभूमी

राजकीय दर्जा

सुमारे चारशे वर्षे स्पेनची वसाहत असलेले पोर्तो रिको १८९८ च्या स्पेन–अमेरिका युद्धानंतर पॅरिसच्या तहान्वये अमेरिकेकडे गेले. १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डाउन्स विरुद्ध बिडवेल या खटल्यात हा प्रदेश अमेरिकेच्या मालकीचा असला, तरी सर्व अर्थांनी तिचा घटक नाही, असा निर्णय दिला. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर शुल्क आकारता येईल का, हा या खटल्यातील मूळ प्रश्न होता. शुल्क आकारणे वैध ठरले आणि त्यासोबत एका संपूर्ण समाजाचा घटनात्मक दर्जाही संदिग्ध राहिला.

१९१७ मध्ये पोर्तो रिकोच्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. १९५२ मध्ये स्थानिक राज्यघटना अमलात आली आणि प्रदेशाला ‘एस्तादो लिब्रे आसोसिआदो’ म्हणजे ‘सहयोगी मुक्त राज्य’ हे नाव मिळाले. तथापि बेटावर राहणाऱ्या नागरिकांना अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान करता येत नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीस विधेयकांवरील अंतिम मतदानाचा अधिकार नाही. तीच व्यक्ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहावयास गेल्यास तिला मताधिकार मिळतो. अमेरिकेचे राज्य होणे, विद्यमान दर्जा सुधारणे किंवा स्वतंत्र होणे या तीन पर्यायांभोवती तेथील राजकारण फिरत आले आहे.

आर्थिक अवलंबित्व

अमेरिकी राजवटीच्या आरंभीच्या दशकांत बेटाची शेती प्रामुख्याने उसाच्या मोठ्या मळ्यांकडे वळली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ या कार्यक्रमाखाली करसवलती देऊन अमेरिकी भांडवल आकृष्ट करण्यात आले. कारखाने उभे राहिले, शेतीचा ऱ्हास झाला आणि लाखो लोक न्यूयॉर्क, शिकागो आदी शहरांत स्थलांतरित झाले. अमेरिकी कंपन्यांना नफ्यावर सूट देणारी करतरतूद १९९६ मध्ये रद्द करण्याचे ठरले आणि ती २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली. त्यानंतर दीर्घ मंदी आली. स्थानिक शासनाने कर्जरोखे काढून खर्च भागवला आणि हे कर्ज सुमारे ७० अब्ज डॉलरपर्यंत पोहोचले.

२०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘प्रोमेसा’ हा कायदा संमत केला. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वचन’ असा होतो. या कायद्यान्वये नेमलेल्या सात सदस्यांच्या वित्तीय देखरेख मंडळास निर्वाचित शासनाचा अर्थसंकल्प नाकारण्याचा अधिकार मिळाला. हे मंडळ सर्वसामान्यांत ‘ला हुंता’ या नावाने ओळखले जाते. याखेरीज १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकी बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या आणि अमेरिकी मालकीच्या जहाजांतूनच करावी लागते. बहुतांश अन्नधान्य बाहेरून आणणाऱ्या बेटाच्या दैनंदिन खर्चावर या नियमाचा परिणाम होतो, असे त्याचे टीकाकार मानतात.

पूर्वपरंपरा

फ्रान्सिस्को ओयेर (१८३३–१९१७) यांचे ‘एल वेलोरियो’ (सुमारे १८९३) हे भव्य चित्र पोर्तो रिकोच्या आधुनिक कलेचा आरंभबिंदू मानले जाते. बालकाच्या मृत्यूनंतरच्या जागरणाचा हा प्रसंग असून त्यात ग्रामीण समाजाचे सर्व स्तर एका छपराखाली दाखवले आहेत. रामोन फ्रादे यांच्या ‘एल पान नुएस्त्रो’ (सुमारे १९०५) या चित्रात केळ्यांचा घड हाती घेतलेला अनवाणी डोंगरी शेतकरी, म्हणजे ‘हिबारो’, आढळतो. चित्राचे शीर्षक ख्रिस्ती प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर’ या शब्दांची आठवण करून देते. सत्तांतरानंतर अल्पावधीतच काढलेले हे चित्र पुढे राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक बनले.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या लोकशिक्षण विभागाने सिल्कस्क्रीन पद्धतीच्या भित्तिपत्रकांची आणि लघुपटांची मोठी परंपरा निर्माण केली. लोरेन्सो ओमार आणि राफाएल तुफिन्यो हे तिचे प्रमुख कलावंत होत. १९५५ मध्ये पोर्तो रिकन संस्कृती संस्था स्थापन झाली. या काळातील विरोधाभास अभ्यासकांनी अधोरेखित केला आहे. १९४८ च्या ५३ क्रमांकाच्या कायद्यान्वये, म्हणजे तथाकथित ‘मुस्कटदाबी कायद्या’न्वये, स्वातंत्र्याचा प्रचार आणि ध्वज फडकवणे यांवर खटले भरले जात होते. त्याच वेळी शासन लोकसंस्कृतीच्या जतनास मात्र प्रोत्साहन देत होते. सांस्कृतिक राष्ट्रवादास मुभा आणि राजकीय राष्ट्रवादास बंदी, अशी ही विभागणी होती. हा कायदा १९५७ मध्ये रद्द झाला. राष्ट्रविषयक आशय व्यक्त करण्याचे काम कलेकडे आले, त्यामागे ही परिस्थिती होती.

स्थलांतरित समाजातही समांतर प्रवाह निर्माण झाला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात ‘एल म्युझेओ देल बारिओ’ या संग्रहालयाची स्थापना झाली. न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन लोकांसाठी ‘न्यूयोरिकन’ ही संज्ञा रूढ झाली आणि बेटावरील व बेटाबाहेरील अस्मितांचा परस्परसंबंध हा कलेचा एक विषय बनला.

प्रमुख विषय व कलाकृती

कल्पित राष्ट्र

छायाचित्रकार अदाल माल्दोनादो यांनी कवी पेद्रो पिएत्री यांच्यासह १९९४ मध्ये ‘एल पोर्तो रिकन एम्बसी’ हा संकल्पनात्मक प्रकल्प सुरू केला. अस्तित्वात नसलेल्या सार्वभौम राष्ट्राचा दूतावास असे त्याचे स्वरूप होते. या प्रकल्पासाठी अदाल यांनी पासपोर्ट तयार केला. ओळख पटवण्यासाठी पासपोर्टवरील छायाचित्र सुस्पष्ट असावे लागते; अदाल यांनी त्यात धारकाचे छायाचित्र हेतुपुरस्सर अस्पष्ट ठेवले. पोर्तो रिकोच्या रहिवाशास प्रवासासाठी अमेरिकी पासपोर्ट मिळतो, परंतु तो ज्या समाजाचा घटक आहे त्याची नोंद त्या दस्तऐवजात राष्ट्र म्हणून होत नाही. ही उणीव विनोदाच्या आधारे मांडणे हे या कृतीचे वैशिष्ट्य होय.

ध्वज

एकतारांकित ध्वजाची रचना १८९५ मध्ये न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यवादी मंडळींनी स्वीकारली. १९५२ मध्ये तो अधिकृत झाला. तेव्हा प्रचारात आलेली गडद निळी छटा अमेरिकेच्या ध्वजाशी जुळणारी होती. स्वातंत्र्यवादी गट फिकट निळी छटा पसंत करतात. त्यामुळे ध्वजाचा केवळ रंगही राजकीय भूमिका सूचित करतो.

२०१६ च्या जुलै महिन्यात, प्रोमेसा कायद्याच्या निषेधार्थ, जुन्या सान हुआन शहरातील एका पडक्या इमारतीच्या दारावर रंगवलेला ध्वज कलावंतांच्या एका गटाने काळ्या-पांढऱ्या रंगांत पुन्हा रंगवला. रंग काढून टाकण्याच्या या कृतीतून शोक आणि प्रतिकार असे दोन्ही अर्थ व्यक्त झाले. काळा-पांढरा ध्वज नंतर घरांच्या भिंती, कपडे आणि मोर्चे यांत सर्वत्र दिसू लागला. राज्यपाल रिकार्दो रोसेयो यांना पदत्याग करावा लागलेल्या २०१९ च्या आंदोलनातही तो मोठ्या प्रमाणात वापरला गेला.

ध्वजाविना ध्वजारोहणाचा विषय जेनिफर अलोरा आणि गिलेर्मो कालसादिया या जोडीच्या ‘हाफ मास्ट/फुल मास्ट’ (२०१०) या चित्रफितीत आहे. पडद्यावर एकाखाली एक अशी दोन दृश्ये दिसतात आणि दोहोंत एक खांब उभा असतो. जिम्नॅस्ट तरुण खांबाला धरून आपले शरीर जमिनीशी समांतर तोलून धरतो. तो वरच्या दृश्यात असेल तर ध्वज पूर्ण फडकल्याचा आणि खालच्या दृश्यात असेल तर तो अर्ध्यावर उतरवल्याचा भास होतो. काही क्षणांनी स्नायू थकतात आणि तो खाली उतरतो. विजय व शोक यांमधील अंतर मानवी शरीराच्या सहनशक्तीने मोजले जाते.

व्हिएकेस: जमीन आणि लष्कर

व्हिएकेस हे मुख्य बेटाच्या पूर्वेस असलेले लहान बेट आहे. अमेरिकी नौदलाने १९४० च्या दशकात तेथील बहुतांश जमीन ताब्यात घेतली आणि तिचा एक भाग अनेक दशके बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरला. १९९९ च्या एप्रिलमध्ये चुकीच्या ठिकाणी पडलेल्या बॉम्बमुळे एक स्थानिक सुरक्षारक्षक मरण पावला. त्यानंतर सविनय कायदेभंगाचे मोठे आंदोलन झाले आणि १ मे २००३ रोजी नौदलाने तेथील सराव थांबवला.

अलोरा व कालसादिया यांच्या ‘लँडमार्क (फूट प्रिंट्स)’ (२००१–०२) या कृतीसाठी आंदोलकांकरिता खास तळव्यांचे बूट तयार करण्यात आले. तळव्यांवर आंदोलकांनी निवडलेले संदेश व चित्रे कोरलेली होती. निषिद्ध क्षेत्रात शिरलेल्या आंदोलकांच्या पावलांबरोबर ती वाळूत उमटली. या ठशांची छायाचित्रे म्हणजे ही कलाकृती होय. जमिनीवरचा हक्क येथे चालण्याच्या साध्या क्रियेतून नोंदवला जातो.

नौदल गेल्यानंतरच्या ‘रिटर्निंग अ साउंड’ (२००४) या चित्रफितीत एक आंदोलक मोपेडवरून बेटभर फिरतो. मोपेडच्या सायलेन्सरला ट्रम्पेट जोडलेले आहे. वेग, चढ-उतार आणि खड्डे यांनुसार त्याचा स्वर बदलतो. स्फोटांच्या आवाजाखाली राहिलेल्या बेटाला त्याचा स्वतःचा ध्वनी परत मिळाल्याची ही घोषणा आहे. तथापि नौदलाची जमीन रहिवाशांकडे न येता मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या संघीय वन्यजीव विभागाकडे गेली. ‘अंडर डिस्कशन’ (२००५) मध्ये हाच प्रश्न पुढे येतो. चर्चेचे टेबल उलटे करून त्याला मोटार जोडून होडी बनवली आहे आणि आंदोलनाशी संबंधित कुटुंबातील एक तरुण ती किनाऱ्यालगत चालवतो. जमिनीच्या भवितव्याची चर्चा स्थानिकांना वगळून चालत असल्याचे ही प्रतिमा सूचित करते.

केळे, जहाज आणि गुंतवणूकदार

मिगेल लुसियानो (जन्म १९७२) यांच्या ‘प्युअर प्लँटेनम’ (२००६) या कृतीत भाजीच्या खऱ्या हिरव्या केळ्यावर प्लॅटिनमचा मुलामा दिलेला आहे. ‘प्लातानो प्राइड’ या संबंधित छायाचित्रात एक मुलगा ते गळ्यात लोलकासारखे घालून उभा आहे. केळ्याचा डाग हा पोर्तो रिकन मूळ ओळखण्याची खूण म्हणून बोलीभाषेत रूढ आहे. कधी तो हिणवण्यासाठी, तर कधी अभिमानाने उल्लेखिला जातो. फ्रादे यांच्या चित्रातील शेतकऱ्याच्या हातचे अन्न येथे चैनीची वस्तू बनले आहे. मुलाम्याच्या आत मात्र फळ कुजत राहते. अभिमान आणि उपभोग्य वस्तू यांतील ही सरमिसळ लुसियानो यांच्या अनेक कृतींत आढळते.

गामालिएल रोद्रिगेस यांचे ‘कोलॅप्स्ड सोल’ हे मोठ्या आकाराचे चित्र ‘एल फारो’ या मालवाहू जहाजाशी संबंधित आहे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलहून सान हुआनकडे जाताना हे जहाज चक्रीवादळात बुडाले आणि त्यावरील सर्व ३३ जण मृत्युमुखी पडले. १९७५ मध्ये बांधलेले हे जुने जहाज जोन्स कायद्याखालील वाहतुकीत होते. रोद्रिगेस यांच्या चित्रामुळे बेटाची रसद ज्या एकाच वाटेवर अवलंबून आहे, तिच्या नाजूकपणाकडे लक्ष वेधले जाते.

सोफिया गायिसा मुरिएन्ते यांच्या ‘बी-रोल’ (२०१७) या चित्रफितीत पोर्तो रिकोच्या शासनाने पर्यटक व गुंतवणूकदार यांच्यासाठी तयार केलेल्या प्रचारपटांतील दृश्ये पुन्हा जुळवलेली आहेत. २०१२ च्या दोन कायद्यांनी बेटावर स्थायिक होणाऱ्या धनिकांना व निर्यातक्षम सेवाउद्योगांना मोठी करसवलत दिली होती. समुद्रकिनारे, विमानातून दिसणारी हिरवळ आणि चकचकीत इमारती यांच्या अखंड मालिकेत सामान्य रहिवासी जवळपास नाहीसा होतो. यियो तिरादो रिवेरा यांनी ‘ला कोंचा’ या मांडणीत १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्याच नावाच्या आधुनिक शैलीतील हॉटेलची प्रतिकृती वाळूत घडवली. प्रदर्शन चालू असताना ती हळूहळू ढासळत जाते.

वीज, वादळ आणि कर्ज

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळले. संपूर्ण बेट अंधारात गेले आणि सर्व ठिकाणी वीज पूर्ववत होण्यास सुमारे अकरा महिने लागले. मृतांचा अधिकृत आकडा दीर्घकाळ ६४ एवढाच होता. ऑगस्ट २०१८ मध्ये एका विद्यापीठीय अभ्यासाच्या आधारे तो २,९७५ असा सुधारण्यात आला.

गाब्रिएला तोरेस-फेरेर यांच्या २०१८ मधील मांडणशिल्पात वादळाने मोडलेला लाकडी विजेचा खांब तारांसह प्रदर्शनगृहात आणलेला आहे. खांबावर २०१७ च्या सार्वमतातील प्रचारफलक तसाच आहे. ‘आपल्या अमेरिकी नागरिकत्वाचे मोल जाणा’ असे आवाहन त्यात केले आहे. कृतीच्या उपशीर्षकात ‘नागरिकत्व’ या शब्दाच्या जागी ‘असत्य’ हा शब्द येतो. बहिष्कारामुळे त्या सार्वमतात केवळ २३ टक्के मतदान झाले होते आणि त्यातील ९७ टक्के मते राज्याच्या दर्जाच्या बाजूने होती. नागरिकत्वाचे आश्वासन आणि कोलमडलेली वीजव्यवस्था एकाच खांबावर असल्यामुळे कलावंताला निराळे भाष्य करावे लागत नाही.

अदाल यांनी २०१६ मध्ये ‘पोर्तो रिकन्स अंडरवॉटर’ ही छायाचित्रमालिका सुरू केली. स्नानाच्या टबमध्ये पाण्याखाली असलेल्या व्यक्तींच्या या प्रतिमा मुळात कर्जसंकटाच्या संदर्भात होत्या. वर्षभरात चक्रीवादळ आले आणि ‘बुडणे’ या रूपकास शब्दशः अर्थ प्राप्त झाला. लुसियानो यांच्या ‘शील्ड्स/एस्कुदोस’ (२०२०) मध्ये वापरातून काढलेल्या शालेय बसचे पत्रे कापून निदर्शकांच्या ढाली बनवल्या आहेत. काटकसरीच्या धोरणामुळे व घटत्या लोकसंख्येमुळे या काळात शेकडो सार्वजनिक शाळा बंद झाल्या. २०१० मध्ये सुमारे ३७ लाख असलेली बेटाची लोकसंख्या २०२० मध्ये ३३ लाखांखाली आली होती.

दानिएल लिंद-रामोस (जन्म १९५३) हे आफ्रिकी वंशाच्या संस्कृतीसाठी प्रसिद्ध असलेल्या लोईसा या गावचे कलावंत आहेत. त्यांच्या ‘मारिया-मारिया’ (२०१९) या जुळणीशिल्पात वादळानंतर मदत म्हणून वाटलेली निळी ताडपत्री कुमारी मरियेचे वस्त्र बनते आणि नारळ तिचे मुख बनतो. विनाश करणाऱ्या वादळाचे आणि संरक्षण देणाऱ्या मातेचे नाव एकच आहे, या योगायोगावर शिल्पाची रचना आधारलेली आहे. छप्पर उडालेल्या घरांवर महिनोन्‌महिने राहिलेली ही ताडपत्री बेटावर आश्रय आणि परावलंबन या दोहोंची खूण ठरली होती.

प्रदर्शने व संस्था

सान हुआन येथील समकालीन कला संग्रहालय (१९८४) व पोर्तो रिको कला संग्रहालय (२०००) या प्रमुख संस्था होत. १९७० मध्ये सुरू झालेल्या सान हुआन छापचित्र बिनालेचे २००४ मध्ये त्रैवार्षिक प्रदर्शनात रूपांतर झाले. २००९ मध्ये स्थापन झालेली ‘बेता-लोकाल’ ही कलावंतांनी चालवलेली संस्था अभ्यासवर्ग व निवासी कार्यक्रम आयोजित करते.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात ‘नो एक्सिस्ते उन मुंदो पोसुराकान’ हे प्रदर्शन भरले. ‘चक्रीवादळोत्तर जग अस्तित्वात नाही’ असा या शीर्षकाचा अर्थ होतो. मार्सेला गेरेरो यांनी संयोजित केलेल्या या प्रदर्शनात २० कलावंतांचा समावेश होता. अमेरिकेच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयाने पोर्तो रिकन कलेचा व्यापक आढावा घेण्याची ही जवळपास अर्ध्या शतकातील पहिली वेळ होती.

मतभेद व टीका

डोंगरी, गौरवर्णीय पुरुष शेतकऱ्यास राष्ट्राचे प्रतीक मानणाऱ्या जुन्या परंपरेवर अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे. किनारी प्रदेशातील कृष्णवर्णीय समाज, स्त्रिया आणि स्थलांतरित यांना त्या प्रतिमेत स्थान नव्हते. लिंद-रामोस आणि न्यूयोरिकन कलावंत यांच्या कार्यामुळे राष्ट्राची व्याख्या विस्तारली, असे मानले जाते.

राजकीय दर्जाबाबत कलावंतांमध्ये एकवाक्यता नाही. सर्वच कृती स्वातंत्र्याच्या मागणीशी जोडणे योग्य नाही, असे एक मत आहे. संकटाच्या प्रतिमांनाच बाहेरून मागणी येते आणि त्यामुळे बेटावरील अन्य प्रकारची कला दुर्लक्षित राहते, अशीही तक्रार केली जाते.

सर्वांत मूलभूत प्रश्न कलाव्यवहाराच्या अवलंबित्वाचा आहे. अवलंबित्वाची चिकित्सा करणाऱ्या या कलेला शिष्यवृत्त्या, खरेदीदार आणि प्रतिष्ठा प्रामुख्याने अमेरिकेतील संस्थांकडूनच मिळते. पोर्तो रिकोच्या कर्जरोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या निधींचे संचालक अमेरिकी संग्रहालयांच्या विश्वस्त मंडळांवर असल्याच्या कारणावरून २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कलावंतांनी निषेध नोंदवला होता.

या गुंतागुंतीचे बोलके उदाहरण २०११ च्या व्हेनिस बिनालेत आढळते. अमेरिकेच्या दालनाचे प्रतिनिधित्व त्या वर्षी सान हुआन येथे राहणाऱ्या अलोरा व कालसादिया यांनी केले. अलोरा यांचा जन्म फिलाडेल्फियातील, तर कालसादिया यांचा हवानातील आहे. त्यांनी दालनासमोर लष्करी रणगाडा उलटा ठेवून त्यावर व्यायामाचे धावयंत्र बसवले होते. अमेरिकी धावपटू त्यावर धावू लागला की रणगाड्याचे पट्टे खडखडत फिरत. रणगाडा मात्र जागचा हलत नसे.